नवा संगणक आला, पण नेट का येईना?

 

आजचा विषय संगणकाचा आहे. संगणक म्हटलं की आपल्यातल्या निम्म्या जणी मागं सरकून बसतात, हे आम्हाला गावोगावच्या बैठकांतून ठाऊक झालंय. पण आज मागं सरकायचं नाही. आता बऱ्याच ग्रामसंघांनी आणि गटांनी स्वतःचा डेस्कटॉप घेतलाय. कुठं मसाल्याची बिलं होतात, कुठं गटाच्या वह्या संगणकावर चढवल्या जातात, कुठं लेकरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरले जातात. कंपनीचा तयार संगणक महाग पडतो, म्हणून पुष्कळ जणी सुटे भाग घेऊन तो जोडून घेतात. कॅबिनेट, मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस असं एकेक आणायचं आणि दुकानदाराकडून किंवा गावातल्या शिकलेल्या पोराकडून जोडून घ्यायचं. याला असेंबल केलेला पीसी म्हणतात. तो चांगलाच असतो. पुढं एखादा भाग गेला तर तेवढाच बदलता येतो.

संगणक घरी येतो, हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. आणि मग कळतं की नेट येत नाही. जोडून देणारा म्हणतो, तुमच्या नेटची लाइन खराब आहे. नेटवाला म्हणतो, तुमचा संगणक खराब आहे. दोघांच्या मध्ये आपली बाई उभी. फॉर्मची तारीख जवळ येते, मग एसटीनं तालुक्याला जायचं, भाडं घालायचं, दिवसाची मजुरी बुडवायची. आणि संगणकावर धूळ बसू नये म्हणून कापड टाकलं जातं. ते कापड मग सहा-सहा महिने निघत नाही. गटाच्या बचतीतून घेतलेली वस्तू अशी झाकून पडणं आपल्याला परवडणारं नाही.

म्हणून आज आपण बघू की नेट येत नसेल तर ते नेमकं कुठं अडलंय, हे आपलं आपण कसं शोधायचं.

आधी लाइन समजून घेऊ

नळाला पाणी आलं नाही तर आपण काय करतो? लगेच तोटी बदलत नाही. आधी शेजारणीला विचारतो, तुमच्याकडं आलंय का? मग टाकी भरलीय का बघतो, मग व्हॉल्व्ह, मग पाइप, आणि सगळ्यात शेवटी तोटी. नेटचंही असंच आहे. कंपनीची तार घरापर्यंत येते. ती एका डब्यात शिरते, त्याला आपण राउटर किंवा मोडेम म्हणतो. त्या डब्यातून नेट एकतर केबलनं संगणकात जातं, नाहीतर वायफायनं हवेतून जातं. संगणकात ते घेणारा एक भाग असतो, आणि त्या भागाला चालवणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. एवढीच ही लाइन. टाकीकडून तोटीकडं एकेक टप्पा तपासत यायचं. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते आणि वर पैसे जातात.

एक नियम पहिल्यापासून पाळायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फरक पडला का ते बघायचं. चार गोष्टी एकदम हलवल्या तर दुखणं कशात होतं ते कधीच कळत नाही.

घरात नेट आलंय का?

पहिलं काम मोबाइलवर. मोबाइल घरच्या वायफायला जोडा आणि त्याचा मोबाइल डेटा बंद करा. हे महत्त्वाचं आहे. डेटा चालू ठेवला तर नेट सिमचं चालतं आणि आपल्याला वाटतं वायफाय चालतंय. डेटा बंद केल्यावरही फोनवर व्हिडिओ चालला, तर नेट घरात आलंय आणि अडचण संगणकाच्या बाजूला आहे. फोनवरही चाललं नाही, तर संगणकाला हात लावायची गरज नाही. दोष डब्यात किंवा बाहेरच्या लाइनमध्ये आहे.

मग डब्याचे दिवे बघा. रिचार्ज संपलाय का तेही विचारून घ्या, कारण पुष्कळदा दुखणं तेवढंच असतं. फायबरची लाइन असेल तर डब्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल लागला किंवा लुकलुकला, तर तारेतून प्रकाश येत नाही असा त्याचा अर्थ. फायबरच्या तारेत वीज नसते, काचेच्या बारीक धाग्यातून प्रकाश येत असतो. ती तार कुठं दुमडली असेल, उंदरानं कुरतडली असेल किंवा रस्त्याच्या खोदाईत तुटली असेल. ती दुरुस्त करणं कंपनीचंच काम आहे. आपण ती तार उपसायची नाही, तिचा तीक्ष्ण बाक करायचा नाही आणि सुटलेल्या टोकात डोळा लावून बघायचं नाही. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो.

दिवे ठीक असतील आणि तरी नेट नसेल, तर डब्याची वीज बंद करा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा चालू करा आणि दोन-तीन मिनिटं वाट बघा. पण डब्याच्या मागं टाचणीनं दाबायचं एक बारीक भोक असतं, त्याला हात लावू नका. ते रीसेट आहे. ते दाबून धरलं तर कंपनीनं भरलेली सगळी माहिती पुसली जाते आणि माणूस येईपर्यंत नेट बंदच राहतं.

केबल आणि तिचे दिवे

फोनवर नेट चालतंय आणि संगणकावर नाही, असं धरून पुढं जाऊ. संगणक केबलनं जोडला असेल तर त्या केबलला लॅन केबल म्हणतात. तिच्या टोकाला टेलिफोनसारखी, पण जरा मोठी पारदर्शक पिन असते. पिन आत गेली की टक् असा आवाज येतो. तिच्यावरची प्लॅस्टिकची जीभ मोडली असेल तर पिन सैल राहते. वरून नीट दिसते, पण आत टेकत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसा हा प्रकार.

राउटरच्या मागं तीन-चार सारखी भोकं असतात आणि एक वेगळ्या रंगाचं असतं. वेगळ्या रंगाचं ते बहुधा वॅन, म्हणजे बाहेरून नेट आत येण्याचं. आपल्या संगणकाची केबल त्यात घालायची नाही, लॅन लिहिलेल्या भोकात घालायची.

आता संगणकाच्या मागं वाका. जिथं केबल शिरते तिथं दोन बारीक दिवे असतात. बहुतेक संगणकांत एक दिवा जोडणी झाल्याचा असतो आणि दुसरा नेटची ये-जा चालू असली की लुकलुकतो. दोन्ही दिवे विझलेले असतील तर आधी राउटरचं दुसरं भोक वापरून बघा. मग दुसरी केबल लावून बघा, शेजारून मागून आणली तरी चालेल. केबलच्या आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. एखादी तार तुटली तर नेट बंद पडतं किंवा अगदी हळू चालतं. अशी केबल १०० मीटरपर्यंत नीट काम देते. त्यामुळं पुढच्या घरातून मागच्या घरात न्यायला हरकत नाही, पण दाराच्या फटीत चेपू नका.

वायफाय दिसतच नाही, तेव्हा

आता वायफायकडं येऊ. जोडून घेतलेल्या संगणकात लोकांची सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. लॅपटॉपमध्ये आणि फोनमध्ये वायफाय असतंच, म्हणून संगणकातही असेल असं आपण धरून चालतो. पण डेस्कटॉपच्या पुष्कळ मदरबोर्डांत वायफाय नसतंच, फक्त केबलचं भोक असतं. ही बिघाडाची गोष्ट नाही, ती वस्तूच तशी आहे.

ओळखायचं कसं? संगणकाच्या मागं पितळी रंगाचे आट्याचे दोन बारीक खुंट दिसले तर वायफाय आहे. त्या खुंटांवर अँटेना पिळून बसवायच्या असतात. त्या मदरबोर्डच्या खोक्यात येतात, आणि घाईत खोक्यातच राहून माळ्यावर जातात. अँटेना नसेल तर राउटर शेजारी असूनही वायफाय अगदी कमी दाखवतं. म्हणून संगणकाची खोकी लगेच रद्दीत देऊ नका.

खुंटच नसतील तर दोन वाटा आहेत. केबल टाकायची, किंवा यूएसबीला लावायचा छोटा वायफायचा डोंगल घ्यायचा. केबल टाकणं शक्य असेल तर तीच बरी, ती हवा-पावसानं आणि भिंतींनी अडत नाही. डोंगल घेतला तर तो लोखंडी कॅबिनेटच्या मागं भिंतीला चिकटून ठेवू नका, यूएसबीची जोडवायर लावून वर टेबलावर आणा. राउटरही गोदरेजच्या कपाटामागं किंवा जमिनीवर नको, उंच आणि मोकळ्या जागी हवा. दगडी भिंत आणि पत्रा वायफाय अडवतात.

राउटर बऱ्याचदा दोन नावं दाखवतो. एकाच्या शेवटी ५जी असं लिहिलेलं असतं. मोबाइलच्या सिमच्या ५जीशी त्याचा संबंध नाही. ते ५ गीगाहर्ट्झचं वायफाय, वेग जास्त पण पल्ला कमी. दुसरं २.४ गीगाहर्ट्झचं, ते हळू पण भिंती ओलांडून लांब जातं. स्वस्तातल्या बऱ्याच डोंगलना ५ गीगाहर्ट्झचं दिसतच नाही. संगणक दुसऱ्या खोलीत असेल तर २.४ चंच जोडा.

वस्तू आहे, पण तिला चालवणारा नाही

केबल ठीक, दिवे लागलेत, तरी पडद्यावर नेटचं चिन्ह येत नाही. तेव्हा बहुधा ड्रायव्हर नसतो. ड्रायव्हर म्हणजे तो भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम. ट्रॅक्टर दारात उभा आहे, पण चालवणारा नाही, तसं. नव्या संगणकात विंडोज भरलं की ते बरेचसे ड्रायव्हर आपणहून लावतं, पण नव्या मदरबोर्डचा नेटचा ड्रायव्हर त्याच्याकडं नसू शकतो.

तपासायला स्टार्टच्या बटणावर माउसची उजवी कळ दाबा आणि यादीतून डिव्हाइस मॅनेजर उघडा. तिथं नेटवर्क अडॅप्टर्स असं लिहिलेलं असतं. त्यात लॅनचं किंवा वायफायचं नाव नसेल, किंवा अदर डिव्हायसेस या नावाखाली पिवळी खूण दिसत असेल, तर ड्रायव्हर हवा आहे. नाव आहे पण खाली तोंड केलेला बाण दिसतोय, तर तो भाग बंद केलेला आहे. उजवी कळ दाबून एनेबल करा.

आता गंमत अशी की ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं आणि नेटला ड्रायव्हर लागतो. आधी कोंबडी की आधी अंडं! यातून आपला मोबाइल सोडवतो. अँड्रॉइड फोन डेटा केबलनं संगणकाला जोडा. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंग शोधा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. आता फोनचा डेटा केबलनं संगणकात जातो, आणि यासाठी बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांनी हे होत नाही, म्हणून फोनबरोबर आलेली केबल घ्या. मग सेटिंगमधून विंडोज अपडेट चालवा. बहुतेकदा ड्रायव्हर आपोआप येतो. आला नाही तर मदरबोर्डच्या खोक्यावर मॉडेलचा नंबर असतो. त्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर तो नंबर टाकून लॅनचा किंवा वायफायचा ड्रायव्हर उतरवा. दुसऱ्या संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हनं आणला तरी चालतो. फुकट ड्रायव्हर देतो म्हणणाऱ्या भलत्या साइटवर जाऊ नका.

आमच्या फिरतीतल्या एका गटाला दुकानदारानं सांगितलं होतं, मदरबोर्ड गेलाय, नवा घ्यावा लागेल. बैठकीत खर्चाचा ठराव लिहायला घेतला होता. गटातल्या एका ताईंची बारावीतली लेक म्हणाली, थांबा, आधी फोन लावून बघू. अर्ध्या तासात ड्रायव्हर आला आणि नेट सुरू झालं. ठरावाच्या वहीत त्या दिवशी खर्चाचा आकडा शून्य लिहिला गेला.

घराचा नंबर आणि तीन हाका

आता शेवटचा टप्पा. नेट जोडलंय असं दिसतं, पण काही उघडत नाही. राउटर घरातल्या प्रत्येक फोनला आणि संगणकाला एक नंबर देतो, ग्रामपंचायत घरांना देते तसा. त्याला आयपी पत्ता म्हणतात. तो बघायला स्टार्ट उघडून सी, एम, डी ही तीन अक्षरं टाइप करा आणि एंटर दाबा. एक काळी खिडकी उघडते. घाबरू नका, तिथं बघण्यानं काही बिघडत नाही. त्यात आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी ही आठ अक्षरं सलग टाइप करून एंटर दाबा.

आयपीव्ही४ ॲड्रेस या ओळीत बहुतेक घरांत १९२.१६८ नं सुरू होणारा नंबर दिसतो. तो आला म्हणजे राउटरनं संगणकाला ओळखलं. पण १६९.२५४ नं सुरू होणारा दिसला, तर राउटरकडून उत्तर आलं नाही आणि संगणकानं आपणच आपल्याला नंबर लावून घेतला. अशा वेळी राउटर आणि संगणक दोन्ही बंद करून चालू करा, केबल पुन्हा बघा. नेटच्या सेटिंगमध्ये आयपी मॅन्युअल असेल तर ऑटोमॅटिक करा.

नंबर बरोबर असेल तर तीन हाका मारायच्या. त्याच काळ्या खिडकीत पी, आय, एन, जी लिहा, एक जागा सोडा आणि पुढं डिफॉल्ट गेटवेच्या ओळीतला नंबर टाका. ही राउटरला हाक. रिप्लाय असं उत्तर आलं तर घरातला रस्ता ठीक. दुसरी हाक तशीच, पण पुढं ८.८.८.८ टाका. ही बाहेरच्या जगाला हाक, हा गूगलचा नंबर आहे. पहिलीला ओ मिळाली आणि दुसरीला नाही, तर अडचण बहुधा कंपनीच्या लाइनमध्ये. तिसऱ्या हाकेला नंबराऐवजी एखाद्या वेबसाइटचं नाव टाका. नंबराला ओ मिळते पण नावाला नाही, तर नावावरून नंबर शोधून देणारी सोय बिघडलीय. तिला डीएनएस म्हणतात. नेटच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ लिहिलं की बहुधा काम होतं.

तिन्ही हाकांना ओ मिळते, तरी बँकेची किंवा सरकारी साइट उघडताना तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही असं येतं? मग संगणकाच्या कोपऱ्यातली तारीख बघा. तारीख चुकीची असेल तर संगणक साइटवर विश्वास ठेवत नाही. ती दुरुस्त करा. दर वेळी वीज गेल्यावर तारीख मागं जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल बदला. तो साधा घड्याळ-दुकानातही मिळतो. कॅबिनेट उघडण्याआधी मात्र प्लग काढायचा.

जपून राहायच्या गोष्टी

वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की संगणकाचा प्लग काढता तशी लॅन केबलही काढा. विजेचा झटका केबलमधून येऊन नेटचं भोक जाळू शकतो. जळलंच, तरी लगेच मदरबोर्ड बदलू नका. यूएसबीला लावायचा लॅनचा जोड मिळतो, त्यावर भागतं.

दुसरी गोष्ट पैशांची. नेट बंद असलं की आपण फोनवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो. तिथं भामटे खोटे नंबर टाकून बसलेले असतात. कंपनीचा नंबर बिलावरून किंवा कंपनीच्या ॲपमधूनच घ्या. नेट दुरुस्त करतो म्हणून कुणी फोनचा किंवा संगणकाचा पडदा दाखवणारं ॲप घ्यायला सांगितलं, ओटीपी मागितला, दहा रुपये भरायला सांगितले, तर फोन ठेवून द्या. त्या संगणकावर गटाचं बँक खातं उघडलं जातं, हे ध्यानात ठेवा. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या नंबरला फोन करा आणि बँकेला कळवा.

शेवटचं काम आपल्या सवयीचं आहे. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेबाची नोंद ही पंचसूत्री आपण पाळतो. तशीच नेटची एक वही घाला. कोणत्या तारखेला बंद पडलं, कोणता दिवा लाल होता, तीन हाकांपैकी कोणतीला ओ मिळाली नाही, तक्रारीचा नंबर काय, कोण आलं, किती पैसे घेतले, एवढं लिहा. नेट येत नाही हो, असं सांगणाऱ्या बाईला फोनवर उद्या-परवा करतात. पण एलओएस लाल आहे, राउटर बंद-चालू करून झालाय, असं सांगणाऱ्या बाईला तसं टोलवता येत नाही.

आणि हे एकाच शिकलेल्या पोरीवर सोपवू नका. उद्या तिचं लग्न होऊन ती सासरी गेली तर संगणकावर परत कापड पडेल. पुढच्या बैठकीत अर्धा तास काढा. संगणकाभोवती सगळ्या बसा, केबल एकदा काढा, दिवा विझतो तो बघा, परत लावा, दिवा लागतो तो बघा. प्रत्येकीनं काळ्या खिडकीत एकदा तरी हाक मारून बघा. जिला लिहिता येत नाही, तिलाही दिवा लाल की हिरवा हे सांगता येतं.

तर मैत्रिणींनो, ज्यांच्या संगणकावर कापड आहे त्यांनी आज ते काढा.